टोमॅटोच्या रोपाची साक्ष

रोगांच्या शोधाचा इतिहास सांगताना आपण शोध लावणाऱ्याचे नाव घेतो. ज्या साधनाने शोध लागला त्याची मात्र फारशी वास्तपुस्त करीत नाही. येथे आम्ही अशाच एका साधनाची हकीकत सांगणार आहोत. ते साधन म्हणजे टोमॅटोचे रोप.

१९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील बटाट्यावर एक विचित्र रोग ध्यानात आला. बटाटे चरख्याच्या चातीसारखे लांबट व निमुळते होत, उत्पन्न घटे. बेणे कापण्याच्या सुरीवरून रोग एका फोडीतून दुसरीत जाई, आणि रोगी बेणे पुष्कळदा निरोगी बेण्यासारखेच दिसे. म्हणजे चांगले म्हणून पैसे मोजून आणलेले बेणेच शेत नासवी! रोगाचे कारण विषाणू असावा, असे सारे जण धरून चालले.

१९६२ मध्ये विल्यम रेमर व म्युरिएल ओब्रायन यांनी हा रोग 'रटगर्स' जातीच्या टोमॅटोवर उतरवून दाखविला. कोवळ्या पानावर बारीक खरखरीत पूड भुरभुरावी, संशयित झाडाचा रस हलक्या हाताने चोळावा आणि रोप उबेत व भरपूर उजेडात ठेवावे. काही आठवड्यांत पाने आकसतात, वाढ खुंटते. पण रोगाचा सौम्य प्रकार असला तर रोप काहीच दाखवीत नाही. तेव्हा फर्नो या संशोधकाने १९६७ मध्ये मोठी नामी युक्ती योजली. संशयित रस आधी चोळायचा आणि मागाहून उग्र प्रकार लावायचा. उग्र लक्षणे उमटली नाहीत, तर सौम्य रोगाने आधीच ठाणे मांडले आहे असे समजावे. घरात कोणी असल्याची खूण दुसऱ्याला आत शिरता आले नाही यावरून पटविण्यासारखेच हे झाले.

आता मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रात वळू. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले थिओडोर डीनर तेथे हा 'विषाणू' शुद्ध स्वरूपात मिळवू पाहत होते. विषाणू म्हणजे न्यूक्लिइक आम्लाचा धागा आणि त्यावर प्रथिनाचे कवच. असा कण अतिवेगाने फिरविलेल्या नळीत तळाशी बसावयाचा. येथे रोगकारक द्रव्य वरच्या द्रवातच राही. उघड्या रिबोन्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करणारे विकर त्यात घातले की रोग लावण्याची शक्ती नाहीशी होई. कवच असते तर तसे होते ना. रेमर यांच्यासह डीनर यांनी १९६७ मध्ये हे प्रसिद्ध केले.

हा उघडा धागा होता तरी केवढा? विजेच्या प्रवाहाने लहानमोठे रेणू जेलमध्ये वेगळे करता येतात; पण रोगकारक द्रव्य इतके अल्प की त्याचा पट्टाच दिसेना. डीनर यांनी जेलचे काप केले आणि प्रत्येक कापातील अंश टोमॅटोला लावून पाहिला. ज्या कापाने रोप आजारी पडे, तेथे तो रेणू! तो कल्पनेहून फारच लहान निघाला. १९७१ मध्ये त्यांनी या नव्या वर्गाला 'व्हायरॉइड' हे नाव दिले. पुढे १९७८ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी त्याची पूर्ण रचना उलगडली. ३५९ घटकांचे ते एक बंद कडे आहे. तंबाखूच्या मोझाइक रोगाच्या विषाणूत असे घटक सुमारे ६,४०० असतात.

प्रथिन नसल्यामुळे विषाणू ओळखण्याची रक्तजलाची परीक्षा येथे निरुपयोगी ठरली. नव्या परीक्षा कड्यावरच बेतल्या गेल्या. जेल तापवून प्रवाह उलटा सोडला की उकललेले कडे सरळ धाग्यांच्या मागे रेंगाळते आणि चांदीच्या रंजनाने दिसू लागते. १९८१ मध्ये ओवेन्स व डीनर यांनी पटलावर रसाचा ठिपका ठेवून त्यावर किरणोत्सारी पूरक धागा चिकटविण्याची रीत दिली. क्ष-किरणांच्या फिल्मवर काळा डाग उमटला की बेणे बाद. आजच्या प्रयोगशाळांत आर. टी. पी. सी. आर. पद्धतीने अत्यल्प अंशही काही तासांत हेरला जातो. मात्र सापडलेला धागा रोग लावू शकतो की नाही हे पाहावयाचे असेल, तर रस चोळण्यासाठी टोमॅटोची रोपे आजही वाढवावी लागतात.