गंजलेली जीप आणि ‘ओरिजिनल’चा घोळ

आंबिवलीला आमच्या घरामागे चिंचेखाली एक जीप उभी आहे. उभी म्हणजे विटांवर! २६ जुलै २००५ ला तिच्यात गुडघाभर पाणी शिरलं, त्यानंतर काही वर्षं ती रडतखडत चालली आणि मग ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. गेल्या महिन्यात ताडपत्री काढून आत पाय ठेवला, तर पाय थेट जमिनीला लागला. खालचा पत्रा म्हणजे गंजाचा पापड झालाय.

"तू इंजिनियर ना? मग कर चालू," काका म्हणाले. आता कॉम्प्युटरवाल्याला ग्राइंडरशी काय देणंघेणं, हे त्यांना कोण सांगणार! पण मीही हो म्हणून बसलो.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, आरसीवर साल १९६४. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. दारापाशी रंग खरवडला तर वर काकांचा निळा, त्याखाली पांढरा आणि सगळ्यात खाली हिरवट. पांढरा बहुधा सरकारी नोकरीतला. १ मे १९६२ ला आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की पोरं मागे धावायची, त्या काळातली ही.

आता खरा घोळ. बॉनेट उघडलं की आत ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असायला हवं. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच. ते मावावं म्हणूनच १९५३ मध्ये विलीजने ३बीचं बॉनेट उंच केलं. तिचं ते जरा बोजड तोंड त्यातून आलंय. आमच्या जीपमध्ये मात्र प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल बसलंय, नंतरच्या महिंद्रा जीपमधलं. पेट्रोल परवडेना म्हणून काकांनी नव्वदच्या दशकात बदललं. रीतसर आरसीवर नोंद करून, बरं का.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नवी नोंदणी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. म्हणजे हरिकेन शोधून बसवलं तर आमची जीप व्हिंटेज होऊ शकेल. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन रविवार घालवले त्याचसाठी. पण मेख अशी की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, बस्स. आणि काकांना अंगारकीला टिटवाळ्याला जायचंय!

या ‘ओरिजिनल’पायी मी जीपचा इतिहास वाचायला घेतला आणि गंमतच झाली. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी फोर बाय फोर गाडी हवी होती. पहिला नमुना बॅन्टम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत देण्याचं कबूल केलं आणि सप्टेंबरमध्ये दिलाही. लष्कराने त्याची रेखाटनं विलीज आणि फोर्डला दाखवली. मोठी ऑर्डर विलीजला मिळाली, कारण इंजिन त्यांचं दमदार. पुढची ती प्रसिद्ध खाचांची पत्र्याची जाळी मात्र फोर्डची! बिचारी बॅन्टम ट्रेलर बनवत राहिली. म्हणजे ज्या गाडीला आपण अस्सल म्हणतो तीच तिघांची खिचडी.

जुनी जीप नवी करण्यातही आपला इतिहास काही भूषणावह नाही. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी कृष्ण मेनन यांनी, ते लंडनमध्ये उच्चायुक्त असताना, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा ८० लाख रुपयांचा सौदा केला. आल्या १५५, आणि त्याही लष्कराने नापास केल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा तो हाच. (वेल्डरने पहिला अंदाज सांगितला तेव्हा मला मेनन आठवले.)

महिंद्राने विलीजचे सुटे भाग आणून माझगावला जोडणी सुरू केली, १९५४ पासून इथेच टप्प्याटप्प्याने उत्पादन. अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तोच सांगाडा पुढे कित्येक वर्षं बनत राहिला, पोटात डिझेल घालून. मग काकांनी वेगळं काय केलं? कंपनीने जे केलं तेच, फक्त चिंचेखाली.

आमच्या पलीकडे शहाडला उतरलं की उल्हासनगर. युद्धात तिथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिथेच निर्वासित सिंधी आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला नाव मिळालं. ‘मेड इन यूएसए’चा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो. पण जीपचं रबर, काच, स्विच जिथे दुसरीकडे नाही म्हणाले, तिथे तिथल्या एका चाचांनी अर्ध्या तासात काढून दिलं. ओरिजिनल आहे का, विचारलं तर हसले नुसते.

तर ठरलं. चासी तीच, तिच्यावरचा नंबर शाबूत आहे. कमानपाटे उतरवून साफ केले. डिझेल इंजिन राहणार, नूतनीकरण साध्या नोंदणीचंच करणार, हिरवा कर आणि दंडासकट. खालचा पत्रा शनिवारी कापायला सुरुवात. रंगावरून मात्र घरात वाद पेटलाय. काकांना निळा हवा, मला हिरवट. आजी म्हणते पांढरा, कारण लिलावातून ती घरी आली तेव्हा पांढरीच होती.