हजेरीपट, घनमीटर आणि पडकई

जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख आपण बहुधा धर्माच्या इतिहासासाठी वाचतो. मला ते हिशेबाचे कागद वाटतात. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने काही निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी एका श्रेणीकडे सोपवले, असा एक लेख तेथे आहे. कोणी दिले, किती दिले, कशासाठी आणि जबाबदार कोण, एवढी कलमे दगडात कोरली आहेत. झाडे लागली की नाही, हे मात्र लेख सांगत नाही. दिलेल्या निधीची नोंद आणि झालेल्या कामाची पाहणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीचा इतिहास फार अलीकडचा आहे.

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. त्याच वर्षी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली आणि तिचे पहिले संचालक म्हणून पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांना नेमले. योजना राबवणाऱ्या खात्यानेच स्वतःला गुण देऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. पुढे 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने या योजनेत लोकांचा सहभाग अपुरा असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. निधी तालुक्यापर्यंत पोहोचला, पण मोजण्याचा अधिकार अभियंत्याच्या वहीतच राहिला.

त्या वहीचे महत्त्व खरे कळते ते रोजगार हमीच्या काळात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना 1972च्या दुष्काळानंतर राज्यभर रुजली. तिचा कायदा 1977चा, आणि तो 26 जानेवारी 1979पासून अमलात आला. मागेल त्याला काम, काम न मिळाल्यास रोज किमान एक रुपया भत्ता. मजुरी मात्र दिवसावर नव्हती, ती झालेल्या कामाच्या मापावर होती. खोदलेल्या खड्ड्यात मातीचे उंचवटे मुद्दाम सोडायचे, त्यांवरून खोली मोजायची, घनमीटर काढायचे, ते मोजमाप पुस्तिकेत लिहायचे आणि मग पैसे. हजेरीपटावर नाव असले तरी माप कमी भरले की मजुरी कमी. कुमुदिनी दांडेकर यांनी गोखले संस्थेतर्फे केलेल्या अभ्यासाचे पुस्तक 1983 मध्ये निघाले. स्त्रियांना मिळालेली कामाची संधी हा त्याचा मध्यवर्ती विषय होता. मोजमापाची पद्धत वरकरणी स्त्री-पुरुष भेद करत नाही. परंतु पुरुष खणतो आणि बाई पाटी वाहते तेव्हा दोघांचे श्रम एकाच घनमीटरात विरघळतात. बाईचा वाटा किती, याला वहीत रकानाच नव्हता.

आता जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडे या. या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांचे पाणी नगर-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांपर्यंत जाते. त्या लाभाचे आकडे सहज सांगता येतात; डिंभ्याच्या पाण्याखाली भातखाचरे गेलेल्या महादेव कोळी कुटुंबांचा हिशेब तितक्या सहज मांडता येत नाही. उरली ती डोंगरउताराची जमीन. तिच्यावर नाचणी, वरई होते. भात हवा असेल तर खाचर पाडावे लागते.

त्यासाठी येथे पडकईची जुनी रीत आहे. पावसाआधी घरोघरची माणसे एकत्र येतात, आज तुमच्या उतारावर दगडी बांध घालतात, उद्या माझ्या. पैसे नाहीत, श्रमाची फेड श्रमाने. आनंद कपूर, कुसुम कर्णिक आणि त्यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने हे काम सार्वजनिक निधीतून व्हावे म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि शासनाने पुढे पडकई ही योजना म्हणून स्वीकारली. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

माझ्या मते खरा पेच येथेच आहे. सपाट रानातला पाझर तलाव आणि चढावरचे दगडी खाचर एकाच दराने मोजले, तर खाचर नेहमी महागच दिसणार. दगड फोडायचा, वाहून आणायचा, चळत रचायची, मग माती भरायची. यांतले बरेचसे काम मापात नीट बसत नाही. शिवाय खाचराची परीक्षा मोजमापाच्या दिवशी होत नाही. दोन-तीन पावसाळे बांध टिकला, माती थांबली आणि भात उभा राहिला तर काम झाले. तोवर फाइल बंद झालेली असते. सरकारी पाहणीत ‘काम पूर्ण’ या रकान्याला जेवढा मान आहे, तेवढा तिसऱ्या वर्षीच्या पिकाला मिळालेला मला कुठे दिसत नाही.

दुसरी वाट राजस्थानातून आली. मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994पासून जनसुनावण्यांत हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि कागदावरची कामे गावासमोर उघडी पडली. आपल्याकडे शेजारच्या पारनेरमधून अण्णा हजारे यांनी माहिती अधिकाराची चळवळ चालवली. राज्याचा कायदा 2002चा होता. 2005च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा हक्क दिला. तो शब्द जड आहे, कृती साधी: हजेरीपट वाचा, नाव घेतलेला माणूस उभा राहील, बांध कुठे आहे ते दाखवेल.

पडकईत हे वाचन कागदाशिवायच चालत आले होते. कोण कोणाच्या बांधावर किती दिवस आला, हे वाडीला तोंडपाठ असे. जो येत नसे, त्याच्या उतारावर पुढच्या उन्हाळ्यात कोणी जात नसे. मजुरी बँकेच्या खात्यात जमा होऊ लागली तेव्हा हा हिशेब ठेवण्याचे कारण उरले नाही, आणि त्याच्या जागी आलेली मोजमाप पुस्तिका तालुक्याच्या कपाटात असते.