ऑरेंजरी : वनस्पतींच्या हिवाळी निवाऱ्याचा इतिहास

दख्खनच्या पठारावर कार्तिक-मार्गशीर्ष हा उद्यानाच्या वैभवाचा काळ असतो. पाऊस सरून ऊन कोवळे झाले, की शेवंती आणि गुलाब बहराला येतात आणि माळी नव्या लागवडीच्या उद्योगास लागतो. आल्प्सच्या उत्तरेकडील युरोपात मात्र याच सुमारास उद्यानाचा सारा व्यवहार उलट दिशेने चालू होतो. पहाटेचे दव गोठू लागले, की उष्ण प्रदेशांतून आणलेल्या वनस्पतींचा प्राण संकटात सापडतो आणि त्यांना अंगणातून उचलून छपराखाली नेण्याची लगबग सुरू होते. या संकटाच्या निवारणार्थ तेथे ज्या वास्तू उभ्या राहिल्या आणि जो शिरस्ता रूढ झाला, त्याचा इतिहास सामान्यतः राजवैभवाच्या सदरात मांडला जातो. परंतु त्याचे खरे श्रेय माळ्यांच्या चिकाटीला आणि निरीक्षणाला आहे, असे माझे मत आहे.

या इतिहासाचे मुख्य पात्र म्हणजे नारिंग-लिंबाच्या कुळातील झाड. हिमालयाचा पूर्व पायथा आणि त्यालगतचा आग्नेय आशिया हे या कुळाचे माहेर. अरबांच्या हातून कडू नारिंग आणि लिंबू सिसिलीत व स्पेनमध्ये रुजले, आणि पुढे इटलीतील धनाढ्य घराण्यांना त्यांचा छंद जडला. सदाहरित पर्णसंभार, सुगंधी फूल आणि सुवर्णवर्णी फळ ही तिन्ही एकाच वेळी अंगावर वागवणारे दुसरे झाड त्यांच्या पाहण्यात नव्हते. फ्लोरेन्सजवळील कास्तेल्लो येथील मेदिची घराण्याच्या उद्यानात ही झाडे मोठाल्या मातीच्या कुंड्यांत लावली जात आणि थंडीच्या सुमारास ‘लिमोनाया’ नामक इमारतीत हलवली जात. अशा कुंड्यांसाठी नजीकच्या इंप्रुनेता गावच्या कुंभारांची ख्याती होती, कारण तेथील माती भाजल्यावर हिमालाही दाद देत नाही.

हा गुण किती मोलाचा, हे कुंडीच्या प्रकृतीवरून ध्यानी येते. भूमीत रुजलेल्या झाडाच्या मुळांना पृथ्वीच्या उदरातील ऊब लाभते. कुंडीतील मुळे चोहोबाजूंनी थंड वाऱ्याच्या कचाट्यात असतात. शिवाय पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे ओलीचिंब माती कुंडीला आतून तडा देते, आणि हिम वितळल्यावर तीच ओल सुस्तावलेल्या मुळांना कुजवते. म्हणून हिवाळ्याच्या तयारीत पांघरूण घालण्याइतकेच पाणी आवरण्यालाही महत्त्व आहे.

उत्तरेकडे प्रथम झाड न हलवता घरच झाडाभोवती आणण्याचा प्रयोग झाला. जर्मनीतील हायडलबर्गच्या राजोद्यानात सतराव्या शतकाच्या आरंभी सालोमाँ द को या स्थापत्यविशारदाने जमिनीत लावलेल्या नारिंगांवर दर शरदात लाकडी गृह उभारण्याची आणि वसंतात ते उतरवून ठेवण्याची व्यवस्था वर्णिली आहे. इंग्लंडात सरे परगण्यातील बेडिंग्टन येथेही असाच परिपाठ होता. मात्र 1629 साली लंडनचा औषधविक्रेता जॉन पार्किन्सन याने आपल्या ग्रंथात निराळा मार्ग नोंदवला : झाड मोठ्या चौकोनी पेटीत लावावे, पेटीला लोखंडी आकडे अथवा खाली लहान चाके बसवावीत आणि हिवाळ्यात ती बंदिस्त दालनात न्यावी. पुढील काळात हाच मार्ग राजमान्य झाला.

त्याची परिसीमा व्हर्साय येथे गाठली गेली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हुकमाने झूल आर्दुआँ-मान्सार याने 1684 ते 1686 या काळात बांधलेली ऑरेंजरी, म्हणजे नारिंगगृह, ही राजवाड्याच्या गच्चीखाली उताराच्या पोटात दडलेली वास्तू आहे. मधले दालन दीडशे मीटरहून अधिक लांब आणि सुमारे 13 मीटर उंच, भिंती कित्येक मीटर जाडीच्या, आणि उंच खिडक्यांचे तोंड दक्षिणेकडे. मातीचा आणि दगडाचा हा प्रचंड संचय उन्हाळ्याची ऊब साठवून ठेवतो, आणि हिवाळ्यात दक्षिणायनातले कललेले ऊन दालनात खोलवर पोहोचते. त्यामुळे बाहेर हिम पडत असतानाही आत पाणी गोठत नाही. हजाराहून अधिक पेट्यांचा हा सरंजाम ऑक्टोबरात आत जातो आणि मे महिन्यात बाहेर येतो. हा शिरस्ता आजही चालू आहे. पेट्यांची रचनाही विचारपूर्वक केलेली असते : बाजूच्या फळ्या उघडता येतात, त्यामुळे झाड न उपटता मुळांची छाटणी आणि माती बदलणे साधते.

राजाच्या फळबागांचा आणि भाजीमळ्यांचा कारभारी ज्याँ-बातिस्त द ला कँतिनी हा मूळचा वकील. पण झाडांच्या स्वभावाची त्याची पारख असामान्य होती. नारिंगगृहात विस्तव पेटवण्यास त्याचा सक्त विरोध होता. जाड भिंत, दक्षिणेचे तोंड आणि नीट बंद होणारी दारे-खिडक्या यांवर त्याची भिस्त होती. त्याच्या निधनानंतर 1690 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर 1693 मध्ये इंग्रज लेखक जॉन एव्हलिन याच्या नावाने निघाले. एव्हलिनने स्वतः हिवाळ्याचा प्रसाद चाखला होता. 1683-84 च्या शीतकाळात थेम्स नदी गोठली, त्याच्या डेप्टफर्ड येथील बागेची अपार हानी झाली, आणि त्या हानीचा वृत्तान्त त्याने रॉयल सोसायटीला कळवला. आतल्या शेगडीने दालनाची हवा दूषित होते, हे ओळखून त्याने 1691 मध्ये एक नवी योजना मांडली : भट्टी भिंतीबाहेर ठेवावी आणि बाहेरची ताजी हवा तिच्यातून जाणाऱ्या नळ्यांवाटे तापवून आत सोडावी. झाडाला केवळ ऊब पुरत नाही, शुद्ध हवाही लागते, हा सिद्धान्त येथे शब्दांकित झाला.

प्रकाशाचे महत्त्व मात्र पूर्णपणे अमलात यावयास दीड शतक लागले. लंडनजवळील क्यू येथे विल्यम चेंबर्स याने 1761 मध्ये बांधलेली ऑरेंजरी दिसावयास भव्य, परंतु आत उजेड अपुरा, आणि त्यामुळे नारिंगांना ती मानवली नाही. विटांऐवजी काचेच्या भिंती उभारण्याच्या आड सरकारी जकातही येत होती. 1746 पासून इंग्लंडात काचेवर वजनाच्या मानाने कर होता आणि तो 1845 मध्ये उठला. त्यानंतर काच स्वस्त झाली, काचगृहे सामान्यांच्या अंगणात आली, आणि राजेरजवाड्यांची मिरास असलेली ही विद्या मध्यमवर्गाच्या हाती आली.

या सर्व प्रयत्नांचा निष्कर्ष असा, की हिवाळ्यात वनस्पतीला भरपूर उष्णता नव्हे, तर समतोल हवा असतो. तिला हिमापासून वाचवावे, पण उन्हापासून तोडू नये. ऊब द्यावी, पण हवा कोंडू नये. मुळे सुकू देऊ नयेत, पण भिजवतही ठेवू नयेत. आज युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे तुळस आणि कढीलिंब कुंडीत वाढवतात, आणि त्यांना दर वर्षी याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : दव गोठण्याची वाट न पाहता कुंडी घरात घ्यावी, दक्षिणेकडील खिडकीशी ठेवावी, खोली तापवणाऱ्या यंत्राच्या झोतापासून दूर ठेवावी, वरची माती कोरडी झाल्यावाचून पाणी घालू नये, आणि वसंतात तिला एकदम उघड्यावर न नेता सावलीतून हळूहळू उन्हात न्यावी.