पकडीची किंमत

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. मँचेस्टरजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये मुलाच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला होता. क्लच ज्या पोकळीत बसतो ती काळ्या बारीक धुळीने भरलेली होती. मुलाने कॉम्प्रेसरची नळी उचलली आणि ती धूळ हवेने उडवणार, एवढ्यात मी जोरात ओरडलो. तो दचकला. "बाबा, धूळच तर आहे," म्हणाला.

त्या धुळीला मोठा इतिहास आहे, आणि त्याच्या गाडीला कुठला नवा क्लच घ्यायचा या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्याच इतिहासात आहे. ते त्याला सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

गाडी १९९६ सालची, जपानी, टर्बो इंजिनची. मुलाने तिला मोठा टर्बो बसवला, एक्झॉस्ट बदलला, इंजिनच्या संगणकातलं गणितही बदलून घेतलं. ताकद वाढली आणि क्लचने हात टेकले. मॅकल्सफील्डहून बक्सटनला जाणाऱ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचे फेरे भराभर वाढत, गाडीचा वेग मात्र होता तिथेच. म्हणजे क्लच सरकत होता. त्यावर उपाय म्हणून मुलाने एक नवा संच मागवला होता. अख्ख्या गोल अस्तराऐवजी सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचे सहा तुकडे बसवलेली प्लेट, वर खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडा: ६५० न्यूटन-मीटर. आकडा मोठा म्हणून माल चांगला, असं त्याचं म्हणणं. खोकं अजून फोडलेलं नव्हतं, परत करता येत होतं.

तुमच्यातले बरेचजण आता ऑटोमॅटिक गाडी चालवत असतील, म्हणून थोडं मागे जाऊ. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीला आजच्यासारखा क्लच नव्हता. चामड्याचा पट्टा होता. तो सैल फिरणाऱ्या पुलीवरून घट्ट बसवलेल्या पुलीवर सरकवला की गाडी चालू लागे. गावाकडची पट्ट्यावरची पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल: इंजिन फिरत राहतं, जातं मात्र पट्टा सरकवला की थांबतं. क्लचचं काम तेवढंच. फिरणाऱ्या इंजिनाला थांबलेल्या चाकाशी जोडायचं, तेही धक्का न देता. त्यासाठी त्याला सुरुवातीला थोडं घसरावं लागतं, आणि मग अजिबात घसरून चालत नाही. क्लचची सगळी अडचण या दोन मागण्यांत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक गाड्यांत शंकूच्या आकाराचा क्लच असे. एका पोकळ शंकूत दुसरा शंकू घुसे, आणि आतल्या शंकूवर चामडं मढवलेलं असे. पाचरीसारखा घुसत असल्याने थोड्या दाबात चांगली पकड मिळे. पण चामडं सुकलं की पकड इतकी अचानक बसे की गाडी उडी मारे, आणि चामड्याला तेल लागलं की क्लच सरके. तेव्हाच्या ड्रायव्हरांकडे दोन औषधं असत. चामडं कडक झालं तर एरंडेल, घसरायला लागलं तर मुलतानी माती. आपल्या आजीच्या फडताळातल्या या दोन वस्तू त्या काळी मोटारीच्या क्लचसाठी वापरत, हे ऐकून मुलगा हसला.

दुसरा मार्ग होता घासणारे पृष्ठभाग वाढवण्याचा. लिव्हरपूलला प्राध्यापक असलेल्या हेन्री सेल्बी हेली-शॉ यांनी एकावर एक रचलेल्या, खाच पाडलेल्या पातळ चकत्यांचा क्लच काढला. चकत्या तेलात फिरत. चकत्या अनेक, त्यामुळे प्रत्येकीवर भार कमी आणि सुरुवात मऊ. पण अशा क्लचांची दुसरी खोड होती. थंडीत तेल घट्ट झालं की पेडल दाबूनही चकत्या एकमेकींना चिकटून फिरत राहत, आणि गिअर टाकताना दात खरखरत.

तिसरा मार्ग अस्तरच बदलण्याचा, आणि तो आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या डोंगरात सुरू झाला. डर्बीशरमधल्या चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावाजवळ राहणाऱ्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ साली घोडागाडीवाल्यांकडे पाहिलं. उतारावर गाडी आवरायला ते ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकत, असं सांगतात. फ्रूडने त्याऐवजी राळेसारख्या द्रव्यांत मुरवलेल्या कापडाचं अस्तर केलं. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचं आद्याक्षर घातलं, आणि 'फेरोडो' हे नाव तयार झालं. मी मुंबईत वाढलो. लाल बहादूर शास्त्री मार्गावरून बसने जाताना घाटकोपरला 'हिंदुस्तान फेरोडो' ही पाटी दिसे. ते नाव इथल्या एका डोंगरातल्या माणसाचं आहे हे कळायला मला इंग्लंडात येऊन राहावं लागलं.

मोटारी वेगवान आणि जड होत गेल्या, तसं कापड जळू लागलं. १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. खनिज असून सुतासारखं विणता येतं, जळत नाही, आणि तापल्यावरही पकड सोडत नाही. क्लचला याहून चांगलं काय हवं? पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरातल्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरांत मुख्यतः ॲस्बेस्टॉसच होतं.

त्याची किंमत कोणी दिली, हेही याच परिसरात लिहून ठेवलेलं आहे. रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली वारली. वय ३३. कंपनीने नुकसानभरपाई दिली नाही. डॉ. विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण दाखवले आणि त्याच वर्षी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्याच दशकात फेरोडो कंपनीही टर्नर अँड न्यूअल या उद्योगसमूहात सामील झाली. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीवर नियम केले. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी यायला मात्र १९९९ साल उजाडलं. अमेरिकेने ती २०२४ मध्ये आणली.

आता तुम्हाला कळलं असेल मी का ओरडलो. १९९६ ची गाडी, आधीचे मालक किती आणि क्लच कधी बदलला याची नोंद नाही. त्या पोकळीतली धूळ निरुपद्रवी असेलही, पण ते डोळ्यांनी कळत नाही. अशी धूळ हवेने उडवायची नाही, कोरडी झाडायचीही नाही. आम्ही एफएफपी-३ दर्जाचे मास्क लावले, पाणी फवारून ओल्या फडक्यांनी ती पुसली, आणि फडकी ओली असतानाच पिशवीत बंद केली. तुमच्याकडे जुनी हौशी गाडी असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवा.

राहिला चौथा मार्ग, दाब वाढवण्याचा. पूर्वी प्रेशर प्लेटवर गोलाकार मांडलेल्या अनेक स्प्रिंगा असत. अस्तर झिजलं की त्या सैल पडत आणि दाब कमी होई. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३० च्या दशकात त्याऐवजी एकच, बशीच्या आकाराची स्प्रिंग आणली. युरोपात तिचा प्रसार झाला तो १९६० च्या दशकात. अस्तर झिजत असतानाही ती दाब बराचसा टिकवते, आणि पेडल पूर्ण दाबताना ते हलकं होत जातं. आज तुमच्या गाडीला क्लच असेल तर बहुधा हाच आहे.

सव्वाशे वर्षांचा हा हिशेब एका ओळीत मांडता येतो. क्लच किती टॉर्क झेलेल? अस्तराचा घर्षणांक, गुणिले दाब, गुणिले सरासरी त्रिज्या, गुणिले घासणारे पृष्ठभाग. उदाहरणादाखल २३० मिलिमीटर व्यासाची प्लेट घ्या. सरासरी त्रिज्या ९५ मिलिमीटर, दाब ७,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ७०० किलो वजनाइतका, घर्षणांक ०.३ आणि पृष्ठभाग दोन. गुणाकार येतो ३९९ न्यूटन-मीटर. मुलाच्या गाडीचा टॉर्क आम्ही रोलर्सवर मोजून घेतला: ४३०. अस्तर तापल्यावर घर्षणांक उतरतो हे धरलं तर क्लच सरकणारच होता.

आता या गुणाकारातला कुठलाही आकडा वाढवता येतो. मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी त्याची किंमत भरतं. दाब वाढवला तर डावा पाय भरतो, शिवाय पेडल दाबताना इंजिनच्या क्रँकशाफ्टला टेकू देणारं बेअरिंग. दोन प्लेटांचा क्लच घेतला तर पृष्ठभाग चार होतात, पण पैसे बरेच जास्त लागतात आणि न्यूट्रलमध्ये बऱ्याचदा खडखडाट ऐकावा लागतो. आणि घर्षणांक वाढवला, म्हणजे खोक्यातली ती सहा तुकड्यांची प्लेट घेतली, तर गिअरबॉक्स भरतो. ती हळूहळू पकडतच नाही. एक तर सुटलेली, नाही तर धरलेली. त्यात मधल्या स्प्रिंगा काढून टाकलेली प्लेट असेल तर प्रत्येक धक्का थेट दातांवर. शर्यतीत हे चालतं, कारण तिथे एकदाच निघायचं असतं आणि पुढच्या फेरीआधी गिअरबॉक्स उघडायला माणसं उभी असतात. मुलाच्या मित्राने गाडीत अशीच प्लेट घातली आहे. स्टॉकपोर्टच्या सिग्नलवर मी ती चालवून पाहिली, बेडकासारखी उड्या मारत निघाली. चार महिन्यांत त्या गाडीच्या तिसऱ्या गिअरचे दात गेले.

म्हणून क्लच निवडताना दुकानदाराला आकडा विचारण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. इंजिनचा टॉर्क मोजलेला आहे की ऐकीव? गाडी रोज कुठे चालते? आणि क्लच घसरला नाही तर पुढे सगळ्यात कमजोर काय आहे? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. तो वेळेवर घसरतो म्हणून महागाच्या वस्तू वाचतात. फ्यूजच्या जागी जाड तार घातली तर दिवा जात नाही, घर जळतं.

मुलाची गाडी रोज कामावर जाते, एम-६० च्या गर्दीत. शर्यतीला वर्षातून दोनदा. ४३० वर एक चतुर्थांश राखीव धरले तर सुमारे ५४० पुरेत. तीच साधी प्लेट, आजच्या ॲस्बेस्टॉसविरहित अस्तराची, मधल्या स्प्रिंगा शाबूत, आणि ९,५०० न्यूटन दाबाचं प्रेशर प्लेटचं कव्हर. गुणाकार करून पाहा, ५४१ येतो. पेडल थोडं जड झालं आहे. ही किंमत त्याचाच पाय भरतो, म्हणून मला ती योग्य वाटते. खोकं त्याने परत पाठवलं. थोडी कुरकुर केली, पण पाठवलं.

नवं अस्तर बसायला पहिले ५०० मैल तरी सौम्यपणे चालवायचं असतं. त्यातले काही आम्ही दोघांनी डर्बीशरच्या डोंगरात काढले. चॅपलची पाटी आली तेव्हा चढावर पुढे ट्रॅक्टर होता, थांबून पुन्हा निघावं लागलं. माझ्या वडिलांनी मला खंडाळ्याच्या घाटात शिकवलं होतं, तेच माझ्या तोंडून निघालं, "अर्धा सोड, इंजिनचा आवाज बदलला की मग बाकीचा." त्याने तसं केलं. गाडी मागे सरकली नाही, उडीही मारली नाही.