विरळ मानलेला रोग

इ. स. १८९२ मध्यें प्राग येथील आर्नोल्ड पिक ह्यांनीं वाचा व बुद्धि हरपत चाललेल्या एका ७१ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूचा कपाळामागील व कानशिलांकडील भाग झिजविणाऱ्या ज्या विकारास आज फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात, त्याचा इतिहास येथून सुरू होतो. तो फार विरळ मानला गेला. आमच्या मतें विरळ होती ती त्याची ओळख! स्मरण शाबूत असतां मनुष्य निर्लज्ज वा निष्ठुर झाला, तर घरचीं माणसें स्वभावास बोल लावणार, आणि परके त्यास वेडांत काढणार. १९९४ सालीं लुंड व मँचेस्टर येथील तज्ज्ञांनीं निदानाच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या. २००२ सालीं केंब्रिज परिसरांतील गणती आली: ४५ ते ६४ वयाच्या, म्हणजे संसार अंगावर असलेल्या, लाख माणसांत सुमारें १५ रोगी, त्याच वयांत अल्झायमरचेही तितकेच.