उभी बाटली, आडवी बाटली

लोकमताचें राज्य म्हटलें कीं प्रत्येक प्रश्नाचा निकाल शेवटीं माथीं मोजून लागावयाचा, हें ओघानेंच आलें. परंतु कांहीं प्रश्न असे असतात कीं ते एरवीं आपण वैद्याला विचारतों आणि तो सांगेल तें निमूटपणें ऐकतों. असा प्रश्न वैद्याच्या खोलींतून उचलून मतपेटीपुढें ठेवला, तर सामान्य मतदारानें त्याचा निवाडा कसा करावा?

महाराष्ट्रांत हा प्रश्न कल्पनेंतला राहिलेला नाहीं. २००८ सालच्या शासकीय आदेशानें, गांवांतील एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं सहीनिशीं मागणी केल्यास दारूच्या परवानाधारक दुकानाविषयीं गुप्त मतदान घेण्याची सोय झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालूं राहावें, आडवी म्हणजे बंद व्हावें. जुन्नर तालुक्यांतील निमगाव सावा या गांवीं उद्यां असें मतदान लागलें, अशी घटकाभर कल्पना करूं. तेथील सुनेनें किंवा सासूबाईंनीं शिक्का मारण्यापूर्वीं मनाशीं काय काय तोलावें?

अशा तोलण्यांत चूक कोठें होते, याचा एक दाखला स्वित्झर्लंडच्या इतिहासांत सांपडतो. १९०५ च्या ऑगस्टमध्यें तेथील एका खेड्यांत झां लांफ्रे नांवाच्या मजुरानें नशेंत आपली गरोदर पत्नी व दोन मुली यांस गोळ्या घालून ठार केलें. त्या दिवशीं त्यानें वाइन व इतर मद्यें भरपूर घेतलीं होतीं; ॲबसिंथ या हिरवट मद्याचे मात्र दोनच पेले. तरी सारा दोष ॲबसिंथच्या माथीं बसला. त्यांतील थुजोन नांवाचें द्रव्य माणसाला वेड लावतें, असें त्या काळीं कित्येक डॉक्टर ठामपणें सांगत. ५ जुलै १९०८ रोजीं लोकांचें मत घेतलें गेलें. शेंकडा सुमारें ६३ मतें बंदीच्या बाजूनें पडलीं आणि १९१० पासून ती अमलांत आली. २००५ सालीं ती उठली. पुढें २००८ मध्यें, म्हणजे मतदानानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, बंदीपूर्व काळांतील जतन केलेल्या बाटल्यांचें रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झालें. त्यांत थुजोनचें प्रमाण इतकें अल्प निघालें कीं वेडाचा आरोप त्यावर टिकेना. खरा अपराधी मद्यार्क होता, आणि तो वाइनच्या रूपानें शंभर वर्षें राजरोस विकला जात होता. मतदारांचा हेतु निर्मळ होता. त्यांनीं प्रश्न मात्र नीट तपासला नव्हता.

त्याच १९०८ सालीं पुण्यांत टिळकांच्या पाठिंब्यानें स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे राहून गिऱ्हाइकांची मनधरणी करीत होते. त्याहिपूर्वीं, १८८० सालीं, पुणें नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनीं शहरांतील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. अर्ज आणि मनधरणी एवढींच साधनें त्यांच्या हातीं होतीं. दुकान राहावें कीं जावें, हें नागरिकांना विचारण्याची रीतच नव्हती. पुढें खेर मंत्रिमंडळांत आरोग्य आणि अबकारी हीं दोन्ही खातीं डॉ. गिल्डर या एकाच नामांकित वैद्याकडे आलीं आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. बुडालेला महसूल भरून काढण्यासाठीं शहरांतील मिळकतींवर नवा कर बसला. १९४९ सालीं सबंध प्रांतासाठीं कायदा झाला; पण १९५१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बालसरा यांच्या खटल्यांत, तो मद्यार्कयुक्त औषधांना लागू करणारा भाग रद्द ठरविला. सारांश, विष कोणतें आणि औषध कोणतें, ही सीमारेषा कायद्यालाहि एकदां आंखून निश्चिंत होतां आलें नाहीं.

आतां आडव्या बाटलीच्या बाजूचें बलवत्तर प्रमाण पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट सांगितलें कीं मद्याचें अगदीं निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. पण मतपत्रिकेवर ‘दारू वाईट कीं चांगली?’ असा प्रश्न नसतो. ‘हें दुकान बंद केल्यानें या गांवांतील अपाय कमी होईल काय?’ असा असतो. पहिल्याचें उत्तर वैद्य देईल. दुसऱ्याचें देण्यास गांवाला ओळखणारें माणूसच हवें.

उलट बाजूहि हलकी नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली आणि २०२१ मध्यें उठविण्यांत आली. चोरटी दारू व वाढते गुन्हे हीं कारणें तेव्हां पुढें करण्यांत आलीं. गडचिरोलींत १९९३ सालीं बंदी आली, तिच्यामागें डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारख्या वैद्यांची खटपट होती. शेजारच्याच या दोन जिल्ह्यांच्या दोन कथा दोन्ही पक्षांना सोयीच्या वाटतात. परंतु या कथा सबंध जिल्ह्यांच्या आहेत. गांवच्या मतदानानें फक्त गांवचें दुकान जातें. शेजारच्या गांवचें राहतेंच. दुसरा आक्षेप विषारी दारूचा. मुंबईंतील मालवणी येथें २०१५ च्या जूनमध्यें तिनें शंभरावर बळी घेतले. पण मुंबईंत त्या वेळीं परवान्याचीं दुकानें उघडींच होतीं. तेव्हां दुकान असलें म्हणजे विषारी दारू येत नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. म्हणून मतदारानें विचारावयाचें तें असें: संध्याकाळची मजुरी ज्या दुकानांत जाते तें चार मैल दूर गेलें, तर किती जण तेवढी पायपीट करतील? आणि गांवांत हातभट्टी लागली, तर ती मोडून काढण्यास कोण उभें राहील?

शेवटीं एक हिशेब, जो आमच्या मतें साऱ्या युक्तिवादांहून महत्त्वाचा आहे. त्या आदेशांत दुकान बंद होण्यास, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादींतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट आहे. समजा, यादींत एक हजार स्त्रिया आहेत. सहाशें आल्या, चारशें ऐंशींनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला, एकशें वीस जणींनीं उभ्या. पांचांतील चार मतें बंदीला, तरीहि बाटली उभीच! कारण चारशें जणी कांद्याच्या खुरपणीला गेल्या, माहेरीं होत्या, किंवा ‘आपल्याला यांतलें काय कळतें?’ म्हणून घरीं राहिल्या.

विचारान्तीं कोणी उभ्या बाटलीवर शिक्का मारला, तर आम्ही तिला दोष देणार नाहीं. पण जी घरीं राहते, ती आपण तटस्थ राहिलों असें समजते; तिचें मत तेवढ्यांत उभ्या बाटलीच्या पारड्यांत पडून गेलेलें असतें.