काळ्या-पिवळ्या जीपपासून कॉमन रेलपर्यंत : वाशिमच्या रस्त्यांवरचे डिझेल इंजिन

प्रवासी गाडीतले डिझेल इंजिन वाशिमच्या भागात आले ते पोटापाण्याचे साधन म्हणून. अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे वाशिम आणि मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावरचे कारंजा सोडले, तर रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर आणि मानोरा या तालुक्याच्या गावांना रेल्वे नव्हती. एसटी निघून गेली की बाजारहाट, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड, पोहरादेवीची यात्रा, सगळ्याला काळी-पिवळी जीपच. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे आणि लिटरमागे पळवीही जास्त, त्यामुळे भाड्याच्या गाडीचे गणित डिझेलवरच जुळे.

या गाड्यांची इंजिने बाहेरून आलेल्या आराखड्यांवर बांधलेली होती. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोचे एक्सडीपी ४.९० असे. नावातच त्याचे माप आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, एकूण २,११२ सीसी. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावरचे ओएम ६१६ होते. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, तिच्या इंजिनाचे नाव ४८३, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर, १,९४८ सीसी. योगायोग असा की त्याच वर्षी १५ एप्रिलला कारंज्यावरून जाणाऱ्या ‘शकुंतला’ या गाडीचे वाफेचे इंजिनही निवृत्त झाले आणि तिच्या डब्यांपुढे डिझेल इंजिन लागले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या त्या वाफेच्या इंजिनाने सत्तर वर्षे गाडी ओढली होती.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनापासून तत्त्व एकच आहे : हवा इतकी दाबायची की इंधन आपोआप पेटण्याइतकी ती तापावी, आणि मग त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. जुन्या जीपच्या इंजिनात हा फवारा थेट सिलिंडरमध्ये न पडता हेडमधल्या छोट्या कोठडीत पडे. तिथे पेट घेऊन ज्वाला पिस्टनवर येई. यात इंधन थोडे जास्त जाई, थंडीच्या सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबावे लागे; पण नोझल शे-दीडशे बार दाबावर उघडे, आणि तेवढ्या दाबाचे काम तालुक्याच्या गावचा मिस्त्री पान्यांच्या जोरावर निभावून नेई. टाकी रिकामी होऊन इंजिनाने हवा घेतली, की पंपावरचा छोटा दांडा हाताने मारून, नळीतून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल ओढायचे. कोणता सिलिंडर मिस मारतो हे पाहायची रीतही तितकीच साधी. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर ठीक. आवाजात फरकच पडला नाही तर दोष तिथेच. अशा इंजिनाला ताकद कमी होती, धूर होता, चढावर ते दमे; पण ते क्वचितच रस्त्यात सोडून देई, आणि बसले तरी लाइनर-पिस्टन घालून पुन्हा बांधता येई. या भागातल्या गॅरेजांचे एक पिढीभराचे ज्ञान या इंजिनांवर उभे राहिले.

ताकदीची उणीव टर्बोने भरून काढली. कल्पना जुनी होती. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते, पण डिझेलच्या प्रवासी मोटारीत ती १९७८ च्या मर्सिडीज ३०० एसडीने आणली. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा कोंबते, आणि तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जाळता येते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पुढच्या सगळ्या देखभालीचे मर्म या एका वाक्यात आहे. २००२ मध्ये नाशिकहून निघालेली स्कॉर्पिओ २,६०९ सीसीचे टर्बो इंजिन घेऊनच आली.

खरी उलथापालथ कॉमन रेलने केली. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मध्ये ही पद्धत मोटारीत प्रथम आली : पंप एका जाड नळीत हजाराहून अधिक बार दाबाने डिझेल साठवतो आणि संगणकाच्या हुकमावर इंजेक्टर ते सोडतात. फियाटने २००३ मध्ये याच पद्धतीचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट बाजारात आणले. २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमध्ये बसले आणि पुढे पुण्याजवळच्या रांजणगावातही बनू लागले. टाटांच्या इंडिका व्हिस्टात त्याचेच नाव क्वाड्राजेट. १९९८ च्या पहिल्या इंडिकाचे १,४०५ सीसीचे बिनटर्बो इंजिन साधारण ५३ अश्वशक्तीचे होते. त्याहून लहान मल्टिजेटने ७५ दिली, आणि धूर जवळजवळ गेला.

मात्र मिस्त्रीची जुनी रीत इथे संपली. चालू कॉमन रेल इंजिनाच्या पाइपाचा नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून बोटात शिरते. दोष आता स्कॅनर लावून, इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांतून किती डिझेल येते ते बाटल्यांत मोजून शोधायचा. इंजेक्टरच्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. ड्रममध्ये साठवलेले, पाणी उतरलेले डिझेल जुन्या पंपाने पचवले असते. कॉमन रेलला ते महागात पडते. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्याच्या तळातले पाणी काढणे याला पर्याय नाही.

तीच गोष्ट ऑइलची. मल्टिजेटला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, पण ती आणि तिचा ताण धरणारा भाग ऑइलवरच जगतात. ऑइल बदलायला उशीर झाला की चेन खडखडते आणि टर्बोचा दांडा झिजतो. मग टर्बो शिटी मारतो, ऑइल फेकतो. लांबून भरधाव आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी, कारण तापलेल्या टर्बोतले थांबलेले ऑइल करपते. सोयाबीन काढणीपासून उन्हाळ्यापर्यंत काळ्या मातीची धूळ पांदणरस्त्यांवर उडत असते. फाटका एअर फिल्टर तशा हवेत लाइनर आणि टर्बोचे पाते दोन्ही खातो. पाच-सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी केलेली चालढकल इंजिन उतरवायला लावते, आणि ‘टर्बो गाडी टिकत नाही’ असा बोल मात्र बनावटीला लागतो. तो बोल अन्यायाचा आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि पेट्रोलशी असलेला फरक घटला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे निकष लागू झाले. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि त्यातली काजळी जळायला गाडी सलग वेगात धावावी लागते. समृद्धी महामार्गावर ते सहज होते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. लहान गाडीत एवढा खर्च परवडेना, म्हणून मारुतीने डिझेल सोडले आणि मल्टिजेट भारतातून गेले. स्कॉर्पिओ डिझेलमध्ये अजून मिळते, आणि बोलेरो तर आजही फक्त डिझेलवरच चालते.